काठाला लागलेली होडी मागे का सरकली? क्रिया-प्रतिक्रिया बलांचा एक प्रकरण अभ्यास

प्रकरण

पाणी शांत आहे, वारा नाही, आणि एक छोटी वल्ह्यांची होडी काठाला टोक टेकवून उभी आहे. तिच्यात दोन प्रवासी आहेत. एक मधल्या फळीवर बसला आहे आणि दुसरा मागच्या बाजूला वल्ही हातात घेऊन बसला आहे. उतरायला कितीसा वेळ लागणार, अशा विचाराने दोर काठावरच्या खुंटाला बांधलेला नाही. तो होडीतच गुंडाळलेला आहे. मधल्या फळीवरचा प्रवासी उठतो, चालत पुढच्या टोकापर्यंत येतो, काठ आणि होडी यांच्यामध्ये थोडी फट पडलेली पाहतो आणि लांब ढांग टाकून काठावर उतरतो. होडी मागे जाते. दुसरा प्रवासी वल्ही मारून ती परत काठाला आणतो, टोक काठाला टेकल्याची खात्री करून घेतो, वल्ही आत ठेवतो, होडी स्थिर होऊ देतो आणि मग पुढे चालत येतो. तो टोकाशी पोहोचतो तेव्हा फट पुन्हा पडलेली असते, आणि या वेळी ती पहिल्यापेक्षा रुंद असते. आपला सोबती नुकताच याच जागेवरून उतरला आहे हे त्याने पाहिलेले असते, म्हणून तोही तशीच ढांग टाकतो. होडी त्याच्या पायाखालून मागे निघून जाते, पुढचा पाय काठाच्या अलीकडेच पडतो आणि तो कंबरभर पाण्यात उभा राहतो.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. जिथे छोट्या होड्या न बांधता माणसे उतरतात तिथे ते घडत असते, आणि घडल्यावर त्याची कारणेही ठरलेलीच दिली जातात: तोल गेला, फळी ओली होती, उडी घाबरत मारली, पाण्याने होडी ओढून नेली. यांपैकी एकही कारण गृहीत न धरता संपूर्ण घटनेचा उलगडा करता येतो, हे दाखवणे हा या टिपणाचा हेतू आहे. त्यासाठी दोन्ही प्रवासी सारख्याच वजनाचे, सारख्याच ताकदीचे आणि सारखीच ढांग टाकणारे मानले आहेत. तरीही एक कोरडा उतरतो आणि दुसरा पडतो; अभ्यासायचे आहे ते हेच.

हिशोब स्वच्छ राहावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत. रिकामी होडी ९० किलोग्रॅमची आहे आणि प्रत्येक प्रवासी ६० किलोग्रॅमचा आहे. जमिनीवर अशी ढांग टाकताना प्रवासी ०.३ सेकंद पायाने रेटा देतो, त्या रेट्याअखेर त्याचा पुढे जाण्याचा वेग २ मीटर प्रति सेकंद होतो, आणि पाय सुटल्यावर तो सुमारे ०.४ सेकंद हवेत राहतो. धट्ट्याकट्ट्या प्रौढ माणसासाठी हे आकडे वावगे नाहीत. फट ओलांडून नीट उभे राहायचे तर शरीराचा भार पुढच्या पायावर यावा लागतो, म्हणून फटीच्या रुंदीत ३० सेंटिमीटर मिळवून येईल तितके अंतर शरीराला पुढे जावे लागते असे धरले आहे.

नियम नेमके काय सांगतो

न्यूटनने गतीचे नियम १६८७ मध्ये प्रसिद्ध केले. तिसऱ्या नियमासाठी त्याने दिलेली उदाहरणे अगदी साधी होती: बोटाने दगड दाबला तर दगडही बोटाला दाबतो, आणि दोराने दगड ओढणारा घोडा दगडाकडे तितक्याच बलाने मागे ओढला जातो. आपल्याला तो नियम ‘प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते’ या वाक्यात पाठ असतो. वाक्य बरोबर आहे, पण अपुरे आहे, कारण ही दोन बले कोणावर लागतात हे त्यात येत नाही आणि सगळा गोंधळ नेमका तिथेच होतो.

दोन वस्तूंपैकी पहिली दुसरीवर जे बल लावते तितकेच बल त्याच क्षणी दुसरी पहिलीवर उलट दिशेने लावते. म्हणजे ही जोडी कधीही एकाच वस्तूवर लागत नाही. ‘दोन्ही बले समान आणि विरुद्ध आहेत, मग ती एकमेकांना रद्द का करत नाहीत?’ हा प्रश्न विद्यार्थी दर वर्षी विचारतात. त्याचे उत्तर इतकेच आहे की रद्द होण्यासाठी दोन बले एकाच वस्तूवर लागावी लागतात. प्रवाशाने होडीवर लावलेले बल होडीच्या खात्यात जमा होते आणि होडीने प्रवाशावर लावलेले बल प्रवाशाच्या खात्यात जमा होते. कोणत्या वस्तूचे पुढे काय होणार हे त्या वस्तूवर लागणाऱ्या सर्व बलांची बेरीज आणि तिचे वस्तुमान यांवरून ठरते.

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी. ‘आधी क्रिया घडते आणि मग तिला उत्तर म्हणून प्रतिक्रिया येते’ असा क्रम निसर्गात नाही. दोन्ही बले एकाच वेळी सुरू होतात, एकाच वेळी वाढतात आणि एकाच वेळी संपतात. पायाच्या रेट्याला क्रिया म्हणावे की होडीच्या रेट्याला, हा केवळ सोयीचा भाग आहे. नावे अदलाबदल केली तरी हिशोबात फरक पडत नाही. दोन ताणकाटे एकमेकांच्या आकड्यात अडकवून दोन्ही बाजूंनी ओढले की हे डोळ्यांनी दिसते. एकाच बाजूने जोर लावण्याचा कितीही प्रयत्न केला तरी दोन्ही काट्यांवरचे आकडे एकत्रच सरकतात.

प्रवासी होडीत नुसता उभा असतानाही त्याच्यावर दोन बले असतात: पृथ्वी त्याला सुमारे ५८८ न्यूटन (न्यूटन हे बल मोजण्याचे एकक) बलाने खाली ओढते आणि फळी त्याला तितक्याच बलाने वर उचलून धरते. ही दोन बले समान आणि विरुद्ध आहेत खरी, पण ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नाही, कारण दोन्ही एकाच प्रवाशावर लागतात. पृथ्वीच्या ओढीची जोडी म्हणजे प्रवाशाने पृथ्वीला वर ओढणे, आणि फळीच्या आधाराची जोडी म्हणजे पायांनी फळी खाली दाबणे. पाठ्यपुस्तकांतसुद्धा कधीकधी निसटणारा हा फरक ज्याला उमगला, त्याला पुढचा सगळा हिशोब सोपा जातो.

फट कोठून आली

घटना सांगणाऱ्यांच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटणारा भाग हा आहे. होडीचे टोक काठाला टेकलेले होते, हे दुसऱ्या प्रवाशाने स्वतः पाहिले होते. पाणी वाहत नव्हते, वारा नव्हता. मग फट पडली कशी?

जमिनीवर चालताना आपण काय करतो ते पाहिले पाहिजे. मागचा पाय जमिनीला मागच्या दिशेने रेटतो. घर्षणामुळे पाय घसरत नाही आणि जमीन पायाला पुढच्या दिशेने रेटते. आपल्याला पुढे नेणारे बल हे जमिनीचे असते. आपल्या स्नायूंचे बल आपल्याच शरीराच्या आत असते, आणि शरीराला बाहेरून कोणी बल दिल्याशिवाय त्याचे वस्तुमान केंद्र, म्हणजे सगळे वस्तुमान सरासरीने जिथे आहे असे मानता येते तो बिंदू, जागचे हलू शकत नाही. जमिनीलाही आपण मागे रेटलेले असते, पण ती पृथ्वीशी जोडलेली असल्यामुळे आणि पृथ्वीचे वस्तुमान ६ वर २४ शून्ये इतके किलोग्रॅम असल्यामुळे तिचे सरकणे कोणत्याही उपकरणाला कळणार नाही इतके सूक्ष्म असते. रोजच्या चालण्यात प्रतिक्रियेची ही दुसरी बाजू कधी दिसतच नाही, म्हणून आपण ती विसरून जातो.

होडीत तीच चाल वेगळी ठरते. पाय फळीला मागे रेटतो, फळी पायाला पुढे रेटते, आणि होडी पाण्यावर जवळजवळ मोकळी असल्यामुळे ती मागे निघते. बाहेरून आडव्या दिशेने कोणतेही बल लागत नसेल तर प्रवासी आणि होडी यांचे मिळून असलेले वस्तुमान केंद्र जागेवरच राहते, म्हणून प्रवासी जितका पुढे सरकतो त्याच्या प्रमाणात होडीला मागे जावेच लागते. दुसरा प्रवासी मागच्या फळीपासून टोकापर्यंत होडीच्या मापाने २ मीटर चालला. एकूण वस्तुमान १५० किलोग्रॅम आणि त्यात प्रवाशाचा वाटा ६० किलोग्रॅम, म्हणून होडी २ मीटरच्या ६०/१५० पट, म्हणजे ८० सेंटिमीटर मागे सरकली आणि काठाच्या दृष्टीने प्रवासी २ मीटरऐवजी १ मीटर २० सेंटिमीटरच पुढे आला. ६० गुणिले १.२ आणि ९० गुणिले ०.८ हे दोन्ही गुणाकार ७२ येतात, यावरून ताळा मिळतो.

इथे चालण्याच्या वेगाचा प्रश्न येत नाही. अगदी जपून, एकेक पाऊल टाकत गेले तरी २ मीटरच्या चालीला होडी तितकीच मागे जाते, कारण बल कमी असले तरी ते जास्त वेळ लागते. पाण्याचा विरोध मात्र या हिशोबात थोडी ढवळाढवळ करतो. होडी मागे जाताना पाणी तिला अडवते, म्हणून प्रत्यक्षात फट ७० सेंटिमीटरची पडली असे धरू.

पहिल्या प्रवाशाच्या वेळी काय झाले? तो मधल्या फळीवरून निघाला, म्हणून त्याला दीडच मीटर चालायचे होते. शिवाय होडीत दुसरा प्रवासी बसलेला होता, त्यामुळे मागे ढकलायचे वस्तुमान ९० ऐवजी १५० किलोग्रॅम होते. १.५ मीटरच्या ६०/२१० पट म्हणजे ४३ सेंटिमीटर. पाण्याचा विरोध धरून ४० सेंटिमीटर म्हणू. पहिल्याला ४० सेंटिमीटरची फट आणि दुसऱ्याला ७० सेंटिमीटरची, हा फरक कोणाच्या निष्काळजीपणामुळे पडलेला नाही. दुसऱ्याने होडी काठाला नीट टेकवली होती. त्याच्या स्वतःच्या चालण्यानेच ती दूर झाली.

ढांग

आता ढांगेचा हिशोब. जमिनीवर ०.३ सेकंदांच्या रेट्यात प्रवाशाचे शरीर ३० सेंटिमीटर पुढे येते आणि पुढच्या ०.४ सेकंदांत २ मीटर प्रति सेकंद वेगाने ८० सेंटिमीटर जाते. एकूण १ मीटर १० सेंटिमीटर. दुसऱ्या प्रवाशाला ७० अधिक ३०, म्हणजे १ मीटर जायचे होते. जमिनीवरच्या सवयीने त्याने केलेला अंदाज अजिबात चुकीचा नव्हता. उलट १० सेंटिमीटर शिल्लक राहत होते.

होडीतून मात्र त्याच्या पायाने निर्माण केलेला २ मीटर प्रति सेकंद हा वेग त्याच्यात आणि होडीत वाटला जातो. पाय ज्या गतीने सरळ होतो ती गती म्हणजे शरीर आणि होडी यांच्या एकमेकांपासून दूर जाण्याची गती. सुरुवातीला दोघेही स्थिर होते, म्हणून एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग, दिशेसह) शून्य होता आणि संवेग अक्षय्यतेच्या सिद्धांताप्रमाणे तो शून्यच राहिला पाहिजे. याचा अर्थ प्रवासी १.२ मीटर प्रति सेकंद वेगाने पुढे आणि होडी ०.८ मीटर प्रति सेकंद वेगाने मागे. रेट्याच्या काळात त्याचे शरीर १८ सेंटिमीटर पुढे आले, होडी १२ सेंटिमीटर मागे गेली, आणि हवेतल्या ०.४ सेकंदांत शरीर ४८ सेंटिमीटर गेले. एकूण ६६ सेंटिमीटर. हवे होते १०० सेंटिमीटर. तो ३४ सेंटिमीटर कमी पडला.

पहिल्या प्रवाशासाठी हेच गणित केले तर त्याचा वेग १.४३ मीटर प्रति सेकंद येतो आणि एकूण अंतर सुमारे ७९ सेंटिमीटर. त्याला ४० अधिक ३०, म्हणजे ७० सेंटिमीटर हवे होते. तो ९ सेंटिमीटर राखून पोहोचला. काठावरून पाहणाऱ्याला ते सहज उतरणे वाटले असेल, पण खरे तर तोही जेमतेमच वाचला होता. ‘तो उतरला म्हणजे मीही उतरेन’ हा दुसऱ्याचा तर्क इथे फसला, कारण पहिल्याने ज्या होडीला रेटले तिच्यात दुसऱ्याचे स्वतःचे ६० किलोग्रॅम होते. दुसऱ्याच्या वेळी होडीत कोणीच उरले नव्हते.

पाय सुटल्यानंतर त्याला काही करता येण्यासारखे होते का? नव्हते. हवेत असताना आडव्या दिशेने रेटायला काहीच नसते. हात जोरात पुढे फेकले तर बाकीचे शरीर तितक्याच संवेगाने मागे जाते आणि वस्तुमान केंद्र आपल्या ठरलेल्या वाटेनेच जाते. पडताना हात फिरवणे नैसर्गिक आहे, त्याने शरीराचा कल थोडा सावरताही येतो, पण अंतर एका सेंटिमीटरनेही वाढत नाही.

मुळात बलच कमी का मिळाले

या प्रकरणातील सर्वांत बोधक भाग मला हा वाटतो. सर्वसाधारण समजूत अशी असते की प्रवाशाने आपल्या ताकदीने एक ठरावीक बल लावले, होडीनेही तितकेच लावले, पण होडी हलल्यामुळे ते बल ‘वाया गेले’. हिशोब वेगळेच सांगतो. जमिनीवर ६० किलोग्रॅमला ०.३ सेकंदांत २ मीटर प्रति सेकंद वेग द्यायला सरासरी ४०० न्यूटन लागतात, आणि जमीन ते देते. होडीत त्याच प्रवाशाला ०.३ सेकंदांत १.२ मीटर प्रति सेकंद वेग मिळाला, म्हणजे त्याच्यावर सरासरी २४० न्यूटनच बल लागले. तिसऱ्या नियमाप्रमाणे त्यानेही होडीवर २४० न्यूटनच लावले. दोन्ही बले शेवटपर्यंत समान राहिली. कमी झाली ती दोन्ही एकदमच.

याचे कारण असे की बल ही प्रवाशाच्या पायात साठवलेली आणि हवी तिथे ओतता येणारी वस्तू नाही. बल दोघांमध्ये मिळून तयार होते. समोरची वस्तू सहज सरकत असेल तर तिच्यावर मोठे बल लावताच येत नाही, कारण पाय पूर्ण ताणला जाण्याआधीच ती दूर निघून गेलेली असते. अर्धवट उघड्या दारावर भिंत समजून टेकणाऱ्या माणसाला याचा अनुभव येतो: तो जितका जोर लावू पाहतो तितका जोर दार घेतच नाही. समोरची वस्तू जितका विरोध करू शकते तितकेच बल तिच्यावर लावता येते आणि तितकेच तिच्याकडून मिळते. होडीचे २४० न्यूटन तिच्या त्वरणात, म्हणजे तिचा वेग वाढवण्यात, खर्च झाले, २.६७ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने. प्रवाशाचे तितकेच २४० न्यूटन त्याला ४ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देऊन गेले. बल समान, वस्तुमान वेगळे, म्हणून त्वरणही वेगळे.

इथे एक आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. हलक्या वस्तूला रेटताना पाय अधिक वेगाने सरळ होऊ शकतो, मग दूर जाण्याची गती २ मीटर प्रति सेकंदच का धरायची? तेव्हा दुसऱ्या टोकाचे गृहीतक घेऊन पाहू. जमिनीवर पायांनी त्याच्या शरीराला १२० ज्यूल गतिज ऊर्जा दिली होती; तितकीच सगळी ऊर्जा होडीतही दिली असे मानू. मग दूर जाण्याची गती २.५८ मीटर प्रति सेकंद येते, त्यातली १.५५ प्रवाशाच्या आणि १.०३ होडीच्या वाट्याला जाते, आणि एकूण अंतर सुमारे ८० सेंटिमीटर होते. तरीही २० सेंटिमीटर कमीच. खरे उत्तर बहुधा या दोन गृहीतकांच्या मध्ये कुठेतरी असणार, आणि दोन्ही टोकांना प्रवासी पाण्यातच पडतो.

फळी, पाणी आणि बुडणारे टोक

ओल्या फळीवर आळ घेणे सोपे असते. पण ढांग टाकताना प्रवासी स्वतःला वरही उचलत असतो, ०.४ सेकंद हवेत राहायचे तर ०.३ सेकंदांत सुमारे १.९६ मीटर प्रति सेकंद इतका उभा वेग लागतो, आणि त्यासाठी वजनाच्या ५८८ न्यूटनांखेरीज आणखी ३९२ न्यूटन, म्हणजे एकूण सुमारे ९८० न्यूटन बलाने पाय फळी दाबतो. आडवे २४० न्यूटन हे या दाबाच्या साधारण पाव पट आहेत. इतके घर्षण शेवाळ नसलेल्या लाकडावर सहसा मिळून जाते. पाय घसरला असता तर आडवे बल आणखी कमी झाले असते आणि होडी यापेक्षा कमी वेगाने मागे गेली असती. होडी जोरात मागे गेली हाच पाय न घसरल्याचा पुरावा आहे.

पाण्याने होडी ओढली, हेही खरे नाही. शांत पाणी होडीला ओढत नाही, ते तिला अडवते. होडी मागे निघताना आपल्यासोबत थोडे पाणी ढकलत नेते, त्यामुळे तिचे वस्तुमान जणू थोडे वाढते आणि हा फरक प्रवाशाच्या बाजूचाच असतो. वरच्या हिशोबात तो धरलेला नाही.

उलट बाजूचा एक परिणामही धरलेला नाही, आणि तो जवळून पाहिला तर डोळ्यांना स्पष्ट दिसतो. पाय ९८० न्यूटन बलाने दाबतो ते होडीच्या मध्यावर नसते, अगदी टोकावर असते. टोक खाली जाते, मागचा भाग वर उचलला जातो, टोकाच्या दोन्ही बाजूंना पाण्याची एक छोटी वळी उठते आणि पाय सुटताच टोक उसळून वर येते. फळी अशी खाली दबत असताना उभ्या दिशेनेही तीच गोष्ट घडते जी आडव्या दिशेने घडली: आधार खचतो, म्हणून मिळणारे बल कमी पडते. प्रवासी हवेत ०.४ सेकंदांपेक्षा कमी राहतो आणि ६६ सेंटिमीटरसुद्धा पुरते पदरात पडत नाहीत. काठ होडीच्या फळीपेक्षा उंच असेल, आणि तो बहुतेक ठिकाणी असतोच, तर हवेतला वेळ आणखी कमी होतो.

काय वेगळे करता आले असते

मोठ्या नावेतून उतरताना हा अनुभव का येत नाही, हे आता उघड आहे. नावेचे वस्तुमान ६००० किलोग्रॅम असेल तर ६० किलोग्रॅमचा प्रवासी २ पैकी १.९८ मीटर प्रति सेकंद स्वतःकडे ठेवतो आणि नाव सेकंदाला जेमतेम २ सेंटिमीटर मागे सरकते. तिसरा नियम दोन्हीकडे सारखाच लागू असतो. फक्त मोठी नाव जमिनीइतकीच खंबीर वागते. मोठ्या नावेची सवय असलेला माणूस छोट्या होडीत जास्त फसतो, ते याचमुळे.

ज्याच्या हाताला आणि पायाला बाहेरचा आधार नाही त्याची अवस्था किती बिकट होते, याचे ठळक उदाहरण अंतराळातील आहे. जून १९६६ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ९ मोहिमेत अंतराळवीर युजीन सर्नन यानाबाहेर काम करू लागला, तेव्हा साधी खटपट करतानाही त्याचे शरीर उलट दिशेने ढकलले जाऊ लागले. स्वतःला जागेवर ठेवण्यातच तो इतका थकला की शिरस्त्राणाची काच आतून धुक्याने भरली आणि काम अर्धवट सोडावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी १२ मोहिमेत बझ ऑल्ड्रिनसाठी पाय अडकवण्याची सोय आणि पकडायला दांडे दिले गेले, त्याने पाण्याखाली सरावही केला होता, आणि यानाबाहेर तो दोन तासांहून अधिक वेळ व्यवस्थित काम करू शकला. यानाशी पक्का जोडला गेल्यामुळे त्याच्या हातांच्या प्रत्येक बलाची जोडी त्याच्या एकट्याच्या शरीराऐवजी संपूर्ण यानाला झेलावी लागत होती.

होडीच्या बाबतीत तीच सोय दोराने होते. दोर पुढच्या टोकाला आणि काठावरच्या खुंटाला बांधला, की होडीवर दोन आडवी बले लागतात: पायाचे मागे आणि दोराचे पुढे. ही दोन बले मात्र एकाच वस्तूवर आहेत, म्हणून ती एकमेकांना खरोखरच रद्द करतात, होडी थांबून राहते आणि प्रवाशाला पूर्ण ४०० न्यूटन मिळतात. दोराच्या दुसऱ्या टोकाला खुंट मागे ओढला जातो, खुंटामार्फत काठ, आणि काठामार्फत पृथ्वी.

दोर नसेल तर काठावरच्या माणसाचा हात हा पुढचा उपाय आहे, पण तो केवळ तोल सावरण्यापुरता नाही. दुसरा प्रवासी तो हात धरून स्वतःला काठाकडे ओढतो, तेव्हा त्याच्या शरीराला पुढे नेणारे बल हातातून येते, पायाला फळी रेटावी लागत नाही आणि होडी मागे जात नाही. त्याची किंमत काठावरच्या माणसाला द्यावी लागते. तो तितक्याच बलाने पाण्याकडे ओढला जातो, आणि त्याला रोखून धरायला त्याच्या पायांखालचे घर्षणच असते. काठाच्या पायरीवर शेवाळ असेल तर दोघेही पाण्यात जातात. म्हणून हात देणाऱ्याने कोरड्या जागी, पाय पुढे-मागे रोवून आणि शरीर मागे झुकवून उभे राहावे.

उतरण्याचा क्रमही विचारपूर्वक ठरवता येतो. होडीत जितके लोक मागे उरतात तितकी ती जड असते, म्हणून सर्वांत अवघड उतरणे नेहमी शेवटच्याचे असते. रेट्याची गती तीच धरली तर ४५ किलोग्रॅमचा माणूस रिकाम्या होडीतून १.३३ मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो आणि ६० किलोग्रॅमचा १.२ ने, म्हणजे सर्वांत हलक्या व्यक्तीने शेवटी उतरणे सोयीचे. त्याचा दुसरा फायदा असा की जड आणि दणकट माणूस आधीच काठावर दोर धरायला पोहोचलेला असतो.

आता या प्रकरणातील दोर बांधला होता, पण १५ सेंटिमीटर ढिला राहिला होता असे मानू. ढिला दोर कुचकामी असतो असे वाटते आणि निव्वळ ढांगेपुरते पाहिले तर ते खरेही आहे, कारण रेट्याच्या संपूर्ण काळात होडी १२ सेंटिमीटरच मागे जाते आणि तेवढ्यात दोर ताणलाच जात नाही. पण प्रवासी आधी २ मीटर चालत पुढे आलेला असतो. होडी त्याच्या चालण्याने मागे सरकू लागते, १५ सेंटिमीटरवर दोर ताणला जातो आणि फट तिथेच थांबते. टोकाशी आल्यावर त्याला १५ अधिक ३०, म्हणजे ४५ सेंटिमीटर जायचे असते, होडी दोराने धरलेली असते, आणि इतक्या अंतराला ढांग टाकावी लागत नाही. एक साधे पाऊल पुरते.